चुकीसाठी राखलेली जागा

११ जुलै २०२३, मंगळवार

चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ नेमका कशामुळे कोसळला, हे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सविस्तर सांगितलं आहे. कात्रण वहीत चिकटवलं. २०१९ च्या त्या सप्टेंबरपासून या मजकुराची वाट पाहत होते. ७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पडद्यावरची हिरवी रेघ चंद्रापासून २.१ किलोमीटर उंचीवर थांबली आणि पुढे काहीच आलं नाही. नंतर ‘हार्ड लँडिंग’ एवढं कानावर पडलं. मशीन डिझाइन शिकवणाऱ्या बाईला तेवढ्यावर झोप कशी लागणार?

खुलासा असा. वेग कमी करणाऱ्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला, त्यामुळे यान ठरलेल्या मार्गावरून सरकत गेलं. त्याच सुमाराला कॅमेऱ्याला फोटो घेता यावेत म्हणून यानाने स्थिर राहायचं होतं. त्या टप्प्यात चूक सुधारायची मुभा नव्हती, म्हणून चुका साठत गेल्या. सुधारायची वेळ आली तेव्हा झपाट्याने वळणं भाग होतं, पण वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरने वेसण घातलेली. त्यात उतरायची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. ती गाठायची म्हणून यान पुढे सरकायला धडपडत होतं आणि तोवर जमीन जवळ आली होती.

यातली एकेकटी गोष्ट यानाने निभावून नेली असती, असं मला वाटतं. एकीने दुसरीची वाट अडवली, तिथे घात झाला. प्रत्येक भाग आपापल्या चाचणीत उत्तीर्ण आणि सगळे मिळून नापास, हे अभियंत्याला सगळ्यांत जास्त छळणारं दुखणं आहे.

सोमनाथ म्हणतात, मागची रचना यश गृहीत धरून केली होती, आताची चांद्रयान-३ ची अपयश गृहीत धरून केली आहे. काय काय बिघडेल ते आधी मांडायचं आणि मग यान आखायचं. यंदा तिसऱ्या वर्षाला पहिल्या तासाला हेच सांगणार आहे.

१४ जुलै, शुक्रवार

दुपारी २.३५ ला चांद्रयान-३ चं उड्डाण. वर्गातच प्रोजेक्टर लावला होता. मुलं ओरडली तेव्हा मीही ओरडले. सोळा मिनिटांनी यान रॉकेटपासून वेगळं झालं, १७० किलोमीटर बाय ३६,५०० किलोमीटरच्या लांबट कक्षेत.

टाळ्या थांबल्यावर फळ्यावर चार आकडे लिहिले. उड्डाणाच्या वेळी एलव्हीएम-३ रॉकेट साधारण ६४० टन. त्याने वर नेलेलं यान ३,९०० किलो. त्यातला उतरणारा भाग, म्हणजे लँडर, १,७५२ किलो. आणि लँडरच्या पोटातली गाडी २६ किलो. मुलांना म्हटलं, हे आकडे डोक्यात ठेवा आणि मग मला सांगा, भीती वाटली की भाग जाड करायचा, ही आपली सवय तिथे चालेल का?

क्रेनचा हूक काढताना आपण चौपट-पाचपट फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो आणि निर्धास्त होतो. यानाच्या सांगाड्याला सव्वा ते दीड पट मिळाला तरी खूप. एक किलो लँडरवर वाढवला की तो किलो उतरवायला इंधन, त्या इंधनाला टाकी, ते सगळं चंद्रापर्यंत न्यायला आणखी इंधन. धातू जाड करून चूक पोटात घालण्याची सोय अंतराळात नाही. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “मग मॅडम, मार्जिन ठेवायचं कुठे?”

हाच खरा प्रश्न आहे. चांद्रयान-३ ने त्याचं दिलेलं उत्तर मला फार आवडलं आहे. ५०० मीटरच्या चौकोनाऐवजी या वेळी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचा पट्टा आखला आहे. म्हणजे पाव चौरस किलोमीटरच्या जागी साडेनऊहून जास्त. नुसती जागा अडतीस पट केली! चंद्रावरच्या जमिनीचं वजन यानाला वाहावं लागत नाही. अर्थात मोठा पट्टा म्हणजे लांबवर भटकण्याचीही तयारी, म्हणून इंधन वाढवलं. त्याच्या बदल्यात मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं. पाय मजबूत केले. आधी सेकंदाला १० अंशांनी वळणारं यान आता २५ अंशांनी वळू शकतं. जमिनीच्या तुलनेत स्वतःचा वेग लेसरने थेट मोजणारं एक नवं उपकरण बसवलं. सौरपट्ट्याही वाढवल्या, म्हणजे यान भलत्याच दिशेला तोंड करून उतरलं तरी वीज मिळावी.

कुठे धातू, कुठे जमीन, कुठे इंधन, कुठे सॉफ्टवेअर. प्रत्येक भीतीला वेगळ्या खिशातून पैसे काढून दिले आहेत.

१६ जुलै, रविवार

वालचंदनगरला मामांकडे. इंदापूर तालुक्यातल्या या गावातल्या कारखान्यात ते निवृत्त होईपर्यंत होते. रॉकेटच्या दोन बाजूंना जे जाड बूस्टर असतात, एस-२००, त्यांच्या पोलादी नळकांड्या इथे बनतात. इस्रोशी या कारखान्याचं नातं १९७० च्या दशकापासूनचं. मधल्या टप्प्याची विकास इंजिनं बनतात विक्रोळीला, गोदरेजमध्ये.

मामांना उड्डाणापेक्षा पहिली दोन मिनिटंच महत्त्वाची. “बूस्टर सुटले की आमचं काम झालं. पुढचं त्यांचं.” प्रत्येक बूस्टरमध्ये दोनशे टनांवर घन इंधन. एकदा पेटलं की विझवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही. सव्वा तीन मीटर रुंदीच्या त्या नळकांडीने सव्वादोन मिनिटं आतला दाब सोसायचा, बस्स. मॅरेजिंग स्टीलचं काम. पत्रा वाकवून, वेल्ड करून, मग उष्णतेची प्रक्रिया.

“अगं, वेल्ड झाला की एक्स-रेला जायचा,” मामा सांगत होते. “फिल्म उजेडावर धरून बघायची. केसासारखी काळी रेघ दिसली तरी उकरायचं, परत भरायचं, परत एक्स-रे. पोरं म्हणायची, एवढंसं तर आहे, कोण बघतंय. मी म्हणायचो, दाब बघतो.” मग पाण्याच्या दाबाची चाचणी. पाणी का, हवा का नाही, हे त्यांनी मला शाळकरी वयात समजावलं होतं: हवा दाबली की तिच्यात ऊर्जा साठते, नळकांडी फुटली तर स्फोट होतो, पाणी फारसं दाबलं जात नाही, फुटलं तर गळतं. आज पुन्हा तितक्याच आस्थेने सांगितलं आणि मीही पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकत बसले.

१ ऑगस्ट, मंगळवार

मध्यरात्री यानाने पृथ्वीची कक्षा सोडली. आता २८८ बाय ३,६९,३२८ किलोमीटर, चंद्राच्या वाटेवर.

शेजारचे काका विचारत होते, अपोलो चार दिवसांत पोचलं, आपल्याला चाळीस का लागतात? अपोलोच्या पाठीशी सॅटर्न-५ होतं, थेट फेकण्याइतकं ताकदवान. आपलं रॉकेट यानाला पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडतं आणि पुढचं काम ४४० न्यूटनच्या एका छोट्या इंजिनावर. ४४० न्यूटन म्हणजे पृथ्वीवर पंचेचाळीस किलोचं पोतं जेमतेम पेलेल एवढा जोर. म्हणून यान पृथ्वीच्या जवळून सर्वांत वेगाने जात असतं नेमकी तेव्हा ते लावायचं, कारण त्या क्षणी जाळलेल्या प्रत्येक किलोतून सगळ्यांत जास्त ऊर्जा पदरात पडते. प्रत्येक फेरीला दूरचं टोक आणखी दूर जातं. २५ जुलैला ते सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलं होतं.

काकांना पटलं. वेळ देऊन इंधन वाचवायचं, हा व्यवहार त्यांनी लगेच ओळखला.

९ ऑगस्ट, बुधवार

पाच तारखेला चंद्राच्या कक्षेत. आज कक्षा आणखी लहान झाली.

सोमनाथांचं नवं विधान छापून आलं आहे: सगळे सेन्सर बंद पडले, दोन इंजिनं चालली नाहीत, तरी लँडर उतरेल अशी रचना आहे, प्रोपल्शन यंत्रणा तेवढी नीट चालली पाहिजे. ऐकायला धाडसी वाटतं, म्हणून गणित करून पाहिलं. लँडरची चार इंजिनं, प्रत्येकी ८०० न्यूटन. एकूण ३,२००. पूर्ण भरलेल्या लँडरचं चंद्रावरचं वजन १,७५२ गुणिले १.६२, म्हणजे साधारण २,८४०. सुरुवातीला रेटा वजनापेक्षा जेमतेम सव्वा पट, किंबहुना त्याहूनही कमी! म्हणजे उतरण्याच्या आरंभी दोन इंजिनं गेली तर भागणार नाही. पण इंधन जळत जातं तसं यान हलकं होत जातं, आणि शेवटी दोन इंजिनांवरही ते तोलता येईल. विधानातला ‘तरी’ कुठल्या उंचीवर खरा होतो ते मला या आकडेमोडीनंतर कळलं. वर्गात हेच उदाहरण देणार.

याच्या उलट उदाहरण यंदाच घडलं आहे. जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुतो-आर यान एप्रिलमध्ये चंद्रावर आदळलं. मे महिन्यात कंपनीने कारण मोकळेपणाने प्रसिद्ध केलं. अ‍ॅटलस विवराच्या कडेवरून जाताना खालची जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खोल गेली. रडारने मोजलेली उंची तशीच एकदम वाढली. ते माप बरोबर होतं. पण सॉफ्टवेअरला वाटलं, एवढी उडी शक्यच नाही, सेन्सर बिघडला असणार. त्याने ते माप फेटाळलं आणि स्वतःच्या अंदाजावर चालत राहिलं. यानाला वाटलं आपण जमिनीला टेकतोय, प्रत्यक्षात ते सुमारे ५ किलोमीटर वर होतं. तिथेच तोलत राहिलं, इंधन संपलं आणि खाली पडलं. उतरायची जागा रचना पक्की झाल्यानंतर बदलली होती, आणि नव्या जागेच्या भूगोलाची सॉफ्टवेअरशी पुरेशी गाठ घालून दिलेली नव्हती.

किती जिवाला लागणारं आहे हे. बिघडलेल्या सेन्सरवर विश्वास ठेवू नये, म्हणून घातलेला नियमच खऱ्या सेन्सरवर उलटला. कुणावर कधी विश्वास ठेवायचा, हे यंत्राला शिकवणं इंजिन बनवण्याहून अवघड आहे.

१७ ऑगस्ट, गुरुवार

लँडर आज वेगळा झाला. इथून पुढे एकटा.

संध्याकाळी चाचण्यांची माहिती पुन्हा वाचली. सेन्सर पाहायला लँडरचा नमुना हेलिकॉप्टरला बांधून उडवला, इंजिनं पेटवून पाहायला उंच क्रेनला टांगला, पाय पाहायला कृत्रिम चांद्रमातीवर आपटला. ती माती तमिळनाडूत सेलमजवळच्या अ‍ॅनॉर्थोसाइट खडकांपासून केलेली. पायांची सहनशक्ती सेकंदाला २ मीटरवरून ३ मीटर केली आहे. एका मुलीने विचारलं होतं, एवढ्याने काय मोठासा फरक? ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, त्यामुळे दीडपट वेग म्हणजे सव्वादोन पट ऊर्जा. पृथ्वीवर ३ मीटरचा वेग यायला अर्ध्या मीटरहून थोड्या कमी उंचीवरून पडावं लागतं. चंद्रावर पावणेतीन मीटरवरून.

अशा पायांत स्प्रिंग चालत नाही, ती यानाला पुन्हा उडवेल. अपोलोच्या लँडरच्या पायांत अ‍ॅल्युमिनियमची पातळ जाळी कोंबलेली होती. धक्का बसला की पायाखाली आलेल्या काड्यापेटीसारखी ती चेपायची आणि ऊर्जा स्वतःत जिरवून संपायची. एकदाच कामाला येणारा भाग.

२१ ऑगस्ट, सोमवार

नागपंचमी. घरात दिंडांचा वास आणि टीव्हीवर रशियाची बातमी.

लूना-२५ शनिवारीच चंद्रावर कोसळलं. ११ तारखेला निघून ते दक्षिण ध्रुवाजवळ आपल्या आधी उतरणार होतं. १९७६ च्या लूना-२४ नंतर रशियाचं हे पहिलंच चांद्रयान. उतरण्याआधीची कक्षा गाठताना इंजिन ८४ सेकंद चालायचं होतं, ते १२७ सेकंद चाललं. त्रेचाळीस सेकंद जास्त. इंजिनाने आज्ञा पाळली. ‘पुरे’ म्हणणारं कुणी नव्हतं.

कॉलेजात काहींनी ‘आता आपणच पहिले’ म्हणून आनंद केला. मला ते बघवलं नाही. तिथेही कुणीतरी वेल्डचा एक्स-रे उजेडावर धरून पाहिला असेल. सोव्हिएत अभियंत्यांनी १९६६ मध्ये लूना-९ चंद्रावर हळुवार उतरवलं, तेव्हा जगात कुणालाच ते जमलेलं नव्हतं. आणि तेवढं असूनही अर्ध्या शतकाने ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. कागद राहतात, नकाशे राहतात. ज्यांनी रात्री जागून यंत्रं लावली ती माणसं निवृत्त होतात, जातात. हातातलं कौशल्य वापरात राहिलं नाही तर संपतं. वालचंदनगरला मामांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज तिथे फोरमन आहेत, याचं मोल काल-परवापर्यंत मला एवढं जाणवलं नव्हतं.

दुपारी चांगली बातमी. लँडरचा चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरशी दुतर्फा संपर्क जुळला. २०१९ पासून तो ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतो आहे. उतरायची जागा त्याच्याच कॅमेऱ्याने बारकाईने टिपली. ‘अयशस्वी’ मोहिमेचा हा अर्धा भाग आज दुसऱ्या मोहिमेचा आधार झाला आहे.

२३ ऑगस्ट, बुधवार

रात्री उशिरा लिहितेय. हात अजून स्थिर नाहीत.

५.४४ ला लँडरने सूत्रं स्वतःकडे घेतली. त्यानंतर बंगळुरूहून कुणीही काही करू शकत नव्हतं. संदेश चंद्रापर्यंत जाऊन यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात यान सुरुवातीच्या वेगाने चार किलोमीटर पुढे गेलेलं असतं. हवा नाही म्हणून पॅराशूट नाही. जो काही वेग आहे तो इंजिनांनीच मारायचा.

वर्गातले दिवे बंद केले होते. ३० किलोमीटर उंची, आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर. पहिला टप्पा, रफ ब्रेकिंग, ६९० सेकंदांचा. मी वहीत भागाकार करत बसले: सेकंदाला १,६८० मीटरवरून ३५८ मीटर, ६९० सेकंदांत, म्हणजे दर सेकंदाला साधारण १.९ मीटरची घट. चार इंजिनांचा ३,२०० न्यूटन रेटा आणि कमी होत जाणारं वजन, बरोबर जुळतं. आकडा जुळला तेव्हा छातीतली धडधड थोडी कमी झाली. ७.४ किलोमीटरवर दहा सेकंदांचा थांबा. हाच तो टप्पा, मागच्या वेळी चुका साठल्या तो. मुलं बोलायची थांबली. रेघ आखलेल्या मार्गावरच. फाइन ब्रेकिंग. २.१ किलोमीटर आले आणि गेले. कुणीतरी हुंदका दिला, बहुधा मीच.

मग ८०० मीटर. १५० मीटरवर यान थांबलं. काही सेकंद तसंच तरंगत राहिलं आणि खालचे खड्डे-धोंडे कॅमेऱ्याने तपासले. यंत्राने घेतलेला तो थांबा मला सगळ्यांत सुंदर वाटला. नील आर्मस्ट्राँगने १९६९ मध्ये धोंड्यांचं मैदान पाहून यान हाताने पुढे नेलं होतं. ते काम आज माणसाशिवाय झालं. ६.०४. वेगाचे आकडे शून्यावर आले.

प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि सहयोगी संचालक कल्पना के. बोलायला उभे राहिले, तेव्हा मुली बाकांवर चढल्या होत्या. त्यांना खाली उतरा म्हणायचं माझ्या मनात आलं नाही.

मामांचा फोन: “बघितलंस?” पुढे आम्हा दोघांनाही काही बोलता आलं नाही.

२८ ऑगस्ट, सोमवार

काल ‘चास्टे’ची पहिली मापं आली. जमिनीत खुपसलेली काठी, तिच्यावर तापमानाचे दहा सेन्सर, खोली जेमतेम १० सेंटिमीटर. वर ५० अंशांच्या आसपास, आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या जवळ. आपल्या तळहाताच्या रुंदीएवढ्या अंतरात साठ अंशांचा फरक! चंद्राची माती उष्णता इतकी वाईट वाहून नेते. पुढेमागे तिथे राहायचं झालं तर घरावर मातीचाच थर घालावा, असं का सुचवतात, ते या एका आलेखावरून मुलांना लगेच समजलं.

गाडीसमोर ४ मीटर व्यासाचं विवर आलं. ३ मीटर आधीच दिसलं, म्हणून मागे फिरायची आज्ञा दिली. गाडीचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. घाईची तिला परवानगीच नाही.

४ सप्टेंबर, सोमवार

काल लँडरने इंजिनं पुन्हा पेटवली, सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलला गेला आणि थोडा बाजूला टेकला. वेळापत्रकात नसलेला हा प्रयोग उरलेल्या इंधनावर केला. राखीव ठेवलेलं खर्च झालं नाही, म्हणून एक नवा धडा मिळाला: चंद्रावरून परत उठता येतं. नमुने आणायचे किंवा माणूस परत आणायचा तर पहिली पायरी हीच.

गाडी शनिवारीच झोपवली, शंभर मीटरांवर चालून झाल्यावर. आज सकाळी लँडरही. त्याच शनिवारी आदित्य-एल१ सूर्याच्या अभ्यासाला निघालं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज घरी गौरीपूजन, आणि लँडर उतरला त्या शिवशक्ती स्थळावर सूर्योदय. सकाळपासून दोन्हीकडे लक्ष.

संपर्काचा प्रयत्न झाला, उत्तर नाही. वहिनी म्हणाल्या, “गेलं का गं आपलं यान?” त्यांना सांगितलं ते असं. तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांची आणि थंडी उणे १८० अंशांच्या घरात. त्या थंडीत बॅटरी निकामी होते. धातू, प्लास्टिक आणि डाख वेगवेगळ्या मापाने आकसतात, जोड तडकतात. रात्र काढायची तर आत ऊब हवी; सोव्हिएत लुनोखोद आणि चीनच्या चांग-ई ३ यांनी किरणोत्सारी पदार्थांची ऊब वापरली. ती सोय करायची तर वजन, खर्च, सुरक्षा सगळंच वाढतं. आपला लँडर एका चांद्रदिवसासाठीच आखला होता. तेवढा तो पुरेपूर जगला.

अशी मर्यादा आधीच ठरवून ती सगळ्यांना उघड सांगणं, हेही मला रचनेचंच काम वाटतं. वहिनींनी गौरीपुढे एक वात त्याच्या नावाने लावली.

३ ऑक्टोबर, मंगळवार

लूना-२५ च्या चौकशीचा निष्कर्ष आला. वेगातला बदल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटरचा संचच चालू झाला नव्हता. वेगवेगळ्या प्राधान्याच्या आज्ञा बहुधा एकाच गठ्ठ्यात गेल्या आणि ‘चालू हो’ ही आज्ञा वेळेवर अमलात आली नाही. ठरलेला वेग आला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून इंजिन वेळेची कमाल मर्यादा संपेपर्यंत चालत राहिलं.

जुलैतल्या कात्रणाशेजारी हे लावलं. दोन्हीकडे इंजिनं धडधाकट. हाकुतोमध्येही तेच. अलीकडचे हे अपघात धातू तुटून झालेले नाहीत. एका भागाने दुसऱ्याला वेळेवर, खरं आणि पूर्ण सांगितलं नाही, तिथे यान गेलं. अभ्यासक्रमात ताण-दाबाला पूर्ण सत्र आहे आणि यंत्राच्या भागांच्या आपसांतल्या बोलण्याला एक प्रकरणही नाही. हे बदलावं म्हणून अभ्यास मंडळाला पत्र लिहायला घेतलं आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

माणसं अंतराळात नेणाऱ्या गगनयान मोहिमेचं पहिलं चाचणी-उड्डाण, टीव्ही-डी१. हवामानामुळे वेळ लांबली. मग उलटी मोजणी अवघ्या ५ सेकंदांवर आली आणि संगणकाने थांबवली. इंजिन ठरल्यासारखं पेटत नाही असं त्याला दिसलं. वर्गात निराशेचा सूर. मी मात्र खुर्चीतून उठले, कारण याच्याइतकं चांगलं प्रात्यक्षिक मला हवं म्हणून मिळालं नसतं. बिघाड पाहून थांबणारं यंत्र! कारण शोधून, दुरुस्त करून सकाळी १० वाजता उड्डाण झालं. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, ध्वनीपेक्षा जास्त वेगात, सुटका-यंत्रणेने कुपी रॉकेटपासून ओढून काढली आणि ती पॅराशूटने समुद्रात उतरली. रॉकेट बिघडलं तर माणसं वाचतात का, एवढ्या एका प्रश्नासाठी आख्खं रॉकेट बनवलं होतं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

कोजागरी, शिवाय रात्री खंडग्रास ग्रहण. त्यामुळे मुलांना चंद्राखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. कालच इस्रोने प्रसिद्ध केलेला आकडा फळ्यावर लिहिला: उतरताना चांद्रयान-३ च्या लँडरच्या इंजिनांनी सुमारे २.०६ टन माती उडवली आणि १०८.४ चौरस मीटर भाग झाडून काढला. ऑर्बिटरच्या फोटोंत तो फिकट वर्तुळासारखा दिसतो.

चंद्रावर हवा नाही, म्हणून धुरळा हवेत रेंगाळत नाही. प्रत्येक कण सुटतो तसा सरळ आपल्या वाटेने जाऊन पडतो. १९६९ च्या नोव्हेंबरात अपोलो-१२ सर्व्हेयर-३ यानापासून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचा कॅमेरा परत आणला, तेव्हा त्याच्यावर वाळूचा मारा झाल्याच्या खुणा सापडल्या. आता दक्षिण ध्रुवाकडे अनेक देशांची यानं जाणार, तीही ऊन आणि बर्फ जवळजवळ असलेल्या मोजक्या जागांवर. मग दुसऱ्याने पहिल्यापासून किती दूर उतरायचं?

मुलांना कण सोडायला लावले. सेकंदाला १०० मीटर वेग, जमिनीशी ३ अंशांचा कोन: साधारण साडेसहाशे मीटर. तोच कण ४५ अंशांनी सुटला तर सहा किलोमीटर. वेग दहापट केला तर अंतर शंभरपट, म्हणजे ३ अंशांनीही साठ किलोमीटरच्या पुढे. एकाने सुचवलं, मातीचा बांध घालू. किती उंच? बांध यानापासून ५० मीटरवर असेल, तर ३ अंशांच्या कणाला अडवायला अडीच-पावणेतीन मीटर पुरतात. पण बांध घालायला आधी तिथे कुणीतरी उतरलेलं असायला हवं.

“मॅडम, मग तो बांध कुणी घालायचा? आधी आलेल्याने, की नंतर येणाऱ्याने?” या प्रश्नावर तास संपला, तरी वाद संपला नाही. सोमवारी दोन गट करून दोन्ही बाजूंची रेखाटनं मागवली आहेत, वजनाच्या हिशेबासकट.